पोटात न राहिलेली गोळी

बाळांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि घरात तुमच्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही. समजा, कुणीतरी तुमच्या हातात कागदाच्या पाच पुड्या ठेवल्या. प्रत्येक पुडीत अर्धी गोळी. रोज एक पुडी उघडायची, धाकट्या भावाला गोळी द्यायची आणि त्यानं ती गिळली का हे नीट पाहायचं. एवढंच काम. कठीण वाटतं का? मनकर्णेलाही वाटलं नव्हतं. आता डोळे उघडा, मी तिचीच गोष्ट सांगतो.

सन एकोणीसशे एकसष्ट. चांदूर बाजारहून दोन कोस आत, एका नाल्याच्या काठी डोमाजीचं घर होतं. घर म्हणजे एक खोली, पुढे छपरी आणि दाराला बांबूची तट्टी. डोमाजी लोकांच्या वावरात मजुरी करी, बायको जमुना निंदणाला जाई. मनकर्णा चौथीत शिकत होती आणि खुशाल चार वर्षांचा होता. पाच वर्षांपूर्वी सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा डोमाजीनं घरातले देव नाल्यात सोडले. त्या दिवसापासून भगत आणि त्याचा अंगारा यांना त्याच्या दारात जागा नव्हती. आजार झाला तर दवाई घ्यायची, असं तो मोठ्या आवाजात सगळ्यांना ऐकवी. वस्तीतले काही लोक त्यामुळे त्याला मानत, काही मागून हसत.

त्या काळी गावोगाव दर पंधरा दिवसांनी मलेरियाचा माणूस येत असे. घरोघर विचारायचा, कुणाला ताप आहे का. ताप असला की बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि भिंतीवर तारीख लिहून पुढच्या घरी जायचा. ती काच अमरावतीला जाई. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली रक्तात हिवतापाचे जंतू दिसले, तर तोच माणूस पुढच्या फेरीला गोळ्या घेऊन येई. या गावाला येणाऱ्या माणसाचं नाव शालिकराम. अकोल्याकडचा, सायकलवर फिरणारा, बोलायला मोकळा.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. शालिकरामनं सायकल छपरीला टेकवली.

“डोमाजीभाऊ, तुमच्या पोट्ट्याच्या रक्तात हिवताप निंगाला.”

“मले माईतच होतं. दिवसाआड हुडहुडी भरून राहिली त्याले. द्या गोया.”

“नियम असा हाय का रोज म्या सोता येऊन द्याव. पन नाल्याले पूर, अन पलीकडच्या तीन गावांत लोकं तापानं लोयून राहिले. घरात वाचता कोनाले येते?”

डोमाजीनं मनकर्णेला पुढे ढकललं. शालिकरामनं तिच्यासमोर पुडी धरली.

“वाच बरं काय लिवलं.”

“रोज एक. जेवल्यावर. पाच दिवस.”

“वा वं! आता तूच अठीची डॉक्टरीन. गोयी देल्ली का त्याले तोंड उघडाले लावजो. जिभेखाली पायजो. हे पोट्टे लय चाप्टर असतात.”

“मी नाई चाप्टर,” खुशाल आईच्या लुगड्याआडून म्हणाला. “मी खुशाल हाय.”

सगळे हसले. शालिकराम जाताना भिंतीवर तारीख लिहून गेला आणि मनकर्णेला म्हणाला, “हे पाय, एक गोयी देल्ली का तारखेखाली एक रेघ ओढत जाय. म्या आलो का मले पाच रेघा दिसल्या पायजे.”

पहिल्या दिवशी मनकर्णेनं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. गुळाच्या खड्यात गोळी दाबली, पाण्याचा घोट दिला, तोंड उघडायला लावलं, जिभेखाली बोट घालून पाहिलं. चुलीतला कोळसा घेऊन तारखेखाली रेघ ओढली. संध्याकाळी डोमाजी वावरातून आला, तर त्यानं ती रेघ पाहिली आणि समोरून जाणाऱ्याला हाक मारून दाखवली. “आमच्या घरात आता डॉक्टरीन हाय बाप्पा. हसू नोका.”

पण रेघ ओढल्यावर घटकाभरात काय झालं, ते त्याला माहीत नव्हतं. आईबाबा कामावर होते, खुशाल कुंपणाजवळ खेळत होता. एकदम वाकला आणि पोटातलं सगळं ओकला. भाकरीचे तुकडे, गुळाचं पाणी आणि त्यात ती अर्धी गोळी, कडा थोड्या झिजलेली. मनकर्णा धावत गेली. तिला राग आला. मागे एरंडीचं तेल पाजलं होतं तेव्हा यानं असंच मुद्दाम बोट घालून काढून टाकलं होतं, हे तिला आठवलं.

“मुद्दाम केलं ना तू?”

“नाई वं ताई. आपोआप आलं.”

“आपोआप येते कधी? कडू लागली म्हनून केलं.”

तिनं पायानं माती ओढली आणि ते झाकून टाकलं. दुसरी गोळी काढावी तर पुड्या मोजून पाचच होत्या. रेघ पुसावी तर बाबा काय म्हणतील? उद्या नीट देऊ, असं तिनं ठरवलं. तुम्ही असता तर काय केलं असतं? लगेच उत्तर देऊ नका. थोडा वेळ विचार करा.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी तर गोळीच्या आधीच त्याला उमळून येऊ लागलं. आई चुलीवर फोडणी घाली, तर तो नाक दाबून छपरीत पळे. भाकरी नको, वरण नको. नुसतं पाणी मागे. गावच्या विहिरीवर वस्तीला तेव्हा पाणी भरू देत नसत, म्हणून नाल्याच्या काठी वाळूत खड्डा करून त्यातलं पाणी आणत. पूर येऊन गेल्यावर ते गढूळ झालं होतं. जमुना ते लुगड्याच्या पदरातून गाळून घेई. गाळलं की स्वच्छ झालं, असं तिला वाटे. डोळ्यांना न दिसणारे जंतू पदरातून आरपार पाण्यात उतरतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मनकर्णा रोज रेघ ओढत राहिली. आता थांबावं तर पहिली रेघही खोटी ठरणार होती.

चौथ्या दिवशी सकाळी डोमाजीनं खुशालला कडेवर घेऊन उन्हात आणलं आणि त्याच्या पोटाकडे, हाताकडे बारकाईनं पाहिलं. मग तो हसला. खरंच हसला.

“जमुने, अठी ये. दवाई लागू पडली पोट्ट्याले.”

“काय झालं?”

“पिवया पडून राहिला. पाय बरं हा हात.”

जमुना घाबरली. “अहो, हे तं कावीयसारखं दिसते.”

“कायची कावीय! तुले काय माईत. लढाई संपली त्या साली मी मेळघाटात लाकडं तोडाले गेलो होतो. तठी सगळ्याले हिवताप. सरकारनं गोया पाठवल्या, पिवयाधम्मक गोया. खाल्ल्या का आठ दिवसांत आमी वीस-बावीस जन हयद लावल्यासारखे. नवरदेवाची वरातच! आमी भेलो. तं मुकादम म्हने, हा दवाईचा रंग हाय, अंगात भिनली म्हनून वर दिसते. महिन्यात आपोआप गेला रंग. अन ज्यायनं गोया लपून फेकून देल्या, ते गोरेच राहिले अन तापानं मेले.”

डोमाजी खोटं सांगत नव्हता, बाळांनो. त्या काळी हिवतापावर तशी एक गोळी खरोखरच होती आणि ती खाणाऱ्याची कातडी पिवळी पडायची. पण तिला पंधरा-सोळा वर्षं झाली होती.

मनकर्णा पुडी घेऊन उभी होती. “बाबा, ह्या गोया तं पांढऱ्या हायत.”

“वरून पांढऱ्या करून राहिले आता. पोट्टे खात नाईत म्हनून. आतून तेच.”

मनकर्णा छपरीच्या कोपऱ्यात गेली. तिनं चौथी पुडी उघडली आणि अर्ध्या गोळीचा नखानं बारीकसा टवका काढला. आतूनही ती पांढरीच होती.  पण ती आतून पिवळी असती तरी तिचा रंग खुशालच्या अंगात उतरला नसता, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. तीन दिवसांच्या तीनही गोळ्या कुंपणापाशी मातीखाली पडल्या होत्या.

त्याच संध्याकाळी चतुराबाई आली. डोमाजीची मावशी. वस्तीतली सगळ्यात म्हातारी. तिनंही दीक्षा घेतली होती, पण कावीळ झालेल्याच्या डोक्यात झाडाच्या मुळ्यांची माळ घालायचं काही सोडलं नव्हतं. तिनं खुशालची हनुवटी वर केली आणि खालची पापणी बोटानं ओढली.

“डोम्या, डोये पाय याचे. डोये पिवये हायत. हे कावीय हाय.”

“मावशी, तुमी बसा. चहा घ्या. पोट्ट्याले हात नोका लावू.”

“लय शिकला काय रे? आनून घालते मी मुयांची माय. उतरत उतरत गयाखाली आली का कावीय गेली. फक्त तवरोक गरम दवाई नाई द्याची. गोया बंद.”

“म्या सोडलं ते सगळं.”

“अरे, हे देवाचं नाई, झाडाचं हाय! झाडाले काय दीक्षा देल्ली तुवं?”

छपरीत बसलेले दोघे-तिघे हसले. डोमाजी हसला नाही. तो भिंतीकडे गेला आणि रेघांवर बोट ठेवत म्हणाला, “एक, दोन, तीन, चार. शिकलेल्या मानसानं रक्त तपासून दवाई देल्ली, माह्या पोरीनं हातानं चारली. रंग कशाचा हाय ते मले समजते. तुमची मुयांची माय तुमच्याजवय ठेवा.”

चतुराबाई उठली. जाता जाता मनकर्णेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “तू तरी सांग वं तुह्या बापाले.”

मनकर्णेनं भिंतीवरच्या रेघांकडे पाठ केली. 

आता इथे थांबून मी तुम्हाला एक गोष्ट दाखवतो. तुमचा उजवा हात उजव्या बरगडीखाली ठेवा. तिथे आत यकृत असतं. आपण खातो ते पचवायला ते मदत करतं, नको ते रक्तातून गाळतं. काविळीचा विषाणू घाणेरड्या पाण्यातून पोटात जातो आणि या यकृतात जाऊन बसतो. यकृत सुजलं की अंग पिवळं पडतं, डोळे पिवळे पडतात, अन्न पोटात ठरत नाही. हिवतापाचा जंतू डासाच्या चाव्यातून येतो आणि रक्त खातो. एक पाण्यातून आला, एक डासातून. दोघांना एकाच पोराच्या अंगात शिरायला कुणाची बंदी नव्हती. पण त्या छपरीत प्रत्येकाला वाटत होतं, आजार एकच आहे. चतुराबाईला कावीळ दिसत होती, डोमाजीला हिवताप. दोघेही खरं बोलत होते आणि म्हणून दोघेही एकमेकांना खोटं ठरवत होते.

पाचवी गोळीही ओकून पडली. पाचवी रेघ ओढली गेली.

सहाव्या दिवशी खुशालला पुन्हा हुडहुडी भरली. गोधडीवर गोधडी टाकली तरी दात वाजत होते. सातव्या दिवशी ताप उतरला, पण तो उठेना. हाक मारली की डोळे उघडी आणि पुन्हा मिटून घेई. मनकर्णा त्याला लघवीला बाहेर घेऊन गेली, तर लघवी काळ्या चहासारखी. तिनं त्याला आणून निजवलं आणि आईसमोर जाऊन उभी राहिली. जमुना त्या दिवशी कामावर गेली नव्हती.

“माय, गोया त्याच्या पोटात नाई राहिल्या.”

“काय म्हनतं?”

“एकबी नाई. रोज ओकला तो. मी माती टाकली वर. मले वाटलं तो मुद्दाम करते.”

जमुनेनं तिला मारलं नाही. ती नुसती खाली बसली. मग म्हणाली, “बाबाले सांगून ये. पयत जा.”

वावर लांब होतं. कपाशीत डोमाजी वाकून निंदत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, “पाचही?” ती हो म्हणाली. त्याच्या हातातला विळा तसाच राहिला. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “मंग तो रंग कायचा हाय?”

उत्तर त्याला माहीत झालं होतं. तो धावत निघाला. बैलगाडीनं चांदूर बाजार, तिथून मोटारीनं अमरावती. मनकर्णेला मागे ठेवायला कुणी नव्हतं, आणि गोळ्यांचं नीट सांगायला तीच लागणार होती, म्हणून तिलाही नेलं.

मोठ्या दवाखान्यात मुलांच्या खोलीत एक डॉक्टरीणबाई होत्या. मूळच्या अकोल्याच्या, त्यामुळे त्यांचं बोलणं डोमाजीला परकं वाटलं नाही. त्यांनी खुशालचे डोळे पाहिले, बरगडीखाली बोटं दाबली, तो कण्हला. रक्त घेतलं. दुपारपर्यंत त्या परत आल्या.

“रक्तात हिवताप हाय, अन लिव्हर सुजलं हाय. कावीयबी हाय.”

“दोन्ही कसे बाई?” डोमाजीनं विचारलं. “एक काईतरी सांगा ना.”

“दोन्ही हायत. तुमच्याकडून या महिन्यात कावीयचे सहा पोट्टे आले. कोनतं पानी पेता तुमी?”

डोमाजीनं नाल्यातल्या खड्ड्याचं सांगितलं. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “गोया देल्या होत्या का?”

डोमाजीनं मुलीकडे पाहिलं. मनकर्णेनं सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून.

“मुद्दाम नव्हता ओकत तो,” बाई म्हणाल्या. “लिव्हर सुजलं का पोटात काई ठरत नाई. ते ओकनंच कावीयची पहिली खूण होती.”

मनकर्णेनं खुशालच्या अंगावरची चादर सारखी केली. मग तिनं विचारलं, “बाई, मी पहिल्याच दिवशी सांगतलं असतं तं?”

मोठी माणसं अशा वेळी मुलांना काहीतरी गोड सांगतात. या बाईंनी तसं केलं नाही. त्या खाटेच्या कडेला बसल्या.

“तं तो आठवडाभर आधी अठी आला असता. हिवतापाची दवाई सुईनं देता आली असती, अंगात थोडी ताकद राहिली असती. कावीयची दवाई माह्याजवय तवाही नव्हती अन आजही नाई. वाचला असता का, हे मले नाई माईत पोरी. खोटं नाई सांगत तुले.”

तुम्हाला वाटत असेल, आता सुया दिल्या, सलाइन लावलं, म्हणजे तो बरा होईल. मलाही तसंच सांगायला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. पहिली रात्र गेली. दुसऱ्या दिवशी तो काहीबाही बोलू लागला, चादरीवरून काहीतरी वेचू लागला. आईला त्यानं ओळखलं नाही. मनकर्णेनं विचारलं, “मी कोन?” तर तो म्हणाला, “कापूस दे.” त्यानंतर तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, जमुना त्याचे पाय चोळत असताना, त्याचा श्वास थांबला. तिला कळलंच नाही. ती चोळतच राहिली.

जमुनेचा भाऊ पंजाबराव राजापेठेत हमाली करी. तो आणखी दोन माणसं घेऊन आला. अमरावतीतच खुशालला पुरलं. गावी परत येताना जमुनेच्या मांडीवर त्याचा सदरा होता.

वस्तीतले लोक भेटायला आले. चतुराबाई आली, कोपऱ्यात बसून रडली, टोमणा एकही मारला नाही. शेजारची सुंदराबाई आली. तिची वच्छला सहा वर्षांची, तिलाही पोळ्यापासून थंडीताप येत होता आणि मागच्या फेरीला शालिकरामनं तिच्याही रक्ताची काच नेली होती.

सुंदराबाईनं विचारलं, “डोमाजीभाऊ, सरकारी गोया तं देल्या होत्या ना?”

सगळ्यांनी डोमाजीकडे पाहिलं. डोमाजीनं मनकर्णेकडे पाहिलं. ती भिंतीला पाठ लावून बसली होती. ती कबूल करायला तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, “देल्या. पाचही देल्या. माह्या पोरीनं बरोबर देल्या. तिची काई चूक नाई.”

आपल्या मुलीकडे कुणी बोट दाखवू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. पण ऐकणाऱ्यांनी वेगळंच ऐकलं. पोरगं तापानं आजारी होतं, मेलेलं नव्हतं. पाच गोळ्या खाल्ल्या. मग पिवळं पडलं. मग मेलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या वस्तीत झालं होतं की सरकारी गोळीनं पोरगं मारलं.

शालिकराम त्याच्या ठरलेल्या दिवशी आला. एकही तट्टी उघडेना. वच्छलाच्या रक्तात हिवताप निघाला होता. त्यानं सुंदराबाईला हात जोडले, पुड्या दारात ठेवल्या, पूर्ण अर्धा तास बोलला. तो वळताच सुंदराबाईनं पुड्या उचलल्या आणि उकिरड्यावर फेकल्या. “आपलं जित्तं पोट्टं मले मारून नाई घ्याचं.” शालिकराम डोमाजीकडे आला. “भाऊ, तुमचं लोकं आयकतात. तुमी सांगा ना.” डोमाजीनं मान वर केली नाही. शालिकराम सायकल ढकलत निघून गेला.

मनकर्णा आतून हे सगळं पाहत होती. ती बाहेर आली.

“बाबा, तुमी काहून तसं सांगतलं?”

“मंग काय सांगू? माह्या पोरीनं...” त्याला पुढचं बोलता आलं नाही. “लोकं जनमभर तुले बोट दाखवतीन. तुले काई समजत नाई. बस घरात.”

“वच्छीबी मरन.”

“बस म्हनलं ना घरात!”

डोमाजी तिच्यावर पहिल्यांदाच एवढ्या जोरानं ओरडला होता. मग त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. जमुना चुलीपुढे होती, तिनं वळूनही पाहिलं नाही.

मनकर्णा बसली नाही. ती उकिरड्यावर गेली. पुड्या राखेत आणि शेणात पडल्या होत्या, दोन फुटून ओल्या झाल्या होत्या. धड अशा तीनच निघाल्या. त्या फ्रॉकला पुसून ती सुंदराबाईच्या दारात उभी राहिली. आतून वच्छलाचं कण्हणं ऐकू येत होतं.

“काकू, आमच्या खुशालच्या पोटात एकबी गोयी नव्हती गेली. रोज ओकला तो. मी लपवलं. बाबा माह्यासाठी खोटं बोलले. गोयीनं नाई मेला तो. वच्छी ओकते का? ओकत असन तं आत्ताच अमरावतीले न्या. नसन ओकत तं हे द्या.”

सुंदराबाई तट्टीला हात लावून तिच्याकडे पाहत राहिली. तिला या पोरीची दया आली. भावाच्या दुःखानं हिचं डोकं फिरलं, असंच तिला वाटलं.

“जाय बाई घरी. माय वाट पायत असन.”

“काकू, आयका ना. पहिल्या दिवशी म्या गुयात दाबून देल्ली...”

सुंदराबाईनं तट्टी ओढून घेतली आणि आतून दोरी बांधली. मनकर्णा बंद तट्टीसमोर उभी राहून पहिल्या दिवसाचं सगळं सांगत राहिली, मग दुसऱ्या दिवसाचं, मग तिसऱ्या. पाचव्या दिवसापर्यंत आली तरी आतून कुणी बोललं नाही. मग तिनं पुड्या उंबरठ्यावर ठेवल्या, वर एक दगड ठेवला, आणि शेजारच्या घरासमोर जाऊन तट्टी वाजवली.